सोळा दिवस नातवावर आळ होता

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंधरवड्यापूर्वी आपल्या पालकांसाठीच्या पानावर घरच्या कॉम्प्युटरबद्दल काही सूचना आल्या होत्या. स्क्रीनवर अचानक नको त्या जाहिराती उसळायला लागल्या तर 'मुलं एकटी असताना काय डाउनलोड करतात ते तपासा', ही त्यातली पहिली. ती वाचून मी पेपर मिटून ठेवला. गेल्या जूनमध्ये अगदी हेच मी माझ्या मुलाला आणि सुनेला सांगितलं होतं, आणि त्यापायी माझ्या तेरा वर्षांच्या नातवाने सोळा दिवस न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगली. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते थोडं लांबलं तरी कापू नये अशी विनंती आहे, कारण त्यातली कामाची माहिती इतर घरांनाही लागेल.

मी ६६ वर्षांची. ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात ३१ वर्षं टंकलेखिका होते. सुरुवातीची वर्षं रेमिंग्टनच्या यंत्रावर गेली, पुढची कॉम्प्युटरवर. आम्ही नौपाड्यात राहतो. यजमान, मुलगा, सून, यंदा बारावी झालेली नात, आठवीतला नातू आणि मी, अशी सहा माणसं आणि दिवाणखान्यात खिडकीपाशी एक कॉम्प्युटर. सुनेचा लॅपटॉप आहे, पण तो रोज तिच्याबरोबर कामावर जातो. त्यामुळे यजमानांची पासबुकं, नातीचे अर्ज, नातवाचे गेम आणि माझं टायपिंग हे सगळं त्या एकाच मशीनवर आणि एकाच खात्यावर चालायचं. पासवर्ड नव्हताच. बटण दाबलं की कोणीही बसावं.

रविवार, ८ जून. नातीच्या प्रवेशाच्या अर्जाला डोमिसाइलचा दाखला जोडायचा होता. स्कॅन केलेली पीडीएफ चार एमबीच्या वर गेली होती आणि अर्जाच्या पानाला ती ३०० केबीच्या आत हवी होती. नात चिडून रडायच्या बेतात आली. मी तिला उठवलं आणि स्वतः बसले. 'पीडीएफ साइज कमी करणे फ्री' असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, हे मला नंतर दाखवण्यात आलं. मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण होतं. दाबलं, आणि मग नेक्स्ट, नेक्स्ट, ॲग्री, नेक्स्ट. साहेबांच्या मसुद्यातला एक अनुस्वार मी कधी सोडला नाही, पण त्या पाच पानांतलं एक वाक्यही वाचलं नाही. फाइल लहान झाली, अर्ज गेला, नातीने मला मिठी मारली. तो दिवस माझ्या लक्षात राहिला तो एवढ्यासाठीच.

नातू तेव्हा घरात नव्हता. तो मे महिन्यापासून चिपळूणला आजोळी होता. ११ तारखेला परत आला आणि १२ च्या रात्री स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात पहिली खिडकी उसळली.

त्यानंतर काय काय आलं ते या पानावर नीट लिहिता येणार नाही. पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती, पैसे दुप्पट करून देणारे आणि उघड्या बायकांची चित्रं. यजमान सकाळी पेपर वाचायला बसले की तेच. गुगलवर काही शोधावं तर मध्येच भलत्याच नावाचं शोधयंत्र उघडायचं. एकदा तर अख्खा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत' असा इंग्रजी मजकूर आणि खाली एक फोन नंबर. यजमानांनी मोबाइल हातात घेतलाच होता. सुनेने ऑल्ट आणि एफ-४ दाबून ते पान बंद केलं म्हणून फोन लागला नाही.

तसली चित्रं दिसल्यावर घरातल्या चार मोठ्या माणसांच्या मनात एकच गोष्ट आली. मुलगा तेरा वर्षांचा आहे, एकटा बसतो, गेम उतरवतो. मीच बोलून दाखवलं. शुक्रवारी, १३ तारखेला त्याचा कॉम्प्युटर बंद झाला. तो 'मी नाही केलं' म्हणाला. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, मग त्याने म्हणायचं सोडलं. त्याचं ते गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं मी धरून चालले.

आठवड्याने मुलाने मशीन उचलून स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं, बरोबर नातूही होता. त्या माणसाने पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल, बाराशे रुपये, अँटिव्हायरसचे वेगळे. आणि नातवाकडे बघून हसत म्हणाला, "मुलगा मोठा होतोय, लक्ष ठेवा." घरी आल्यावर पोरगा जेवला नाही.

फॉरमॅटला मी नाही म्हटलं. एकोणीस वर्षांचे फोटो त्यात आहेत. माझ्या आईकडून ऐकून टाइप केलेल्या जात्यावरच्या २१४ ओव्या आहेत, आणि आई आता नाही. मशीन तसंच परत आणलं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. ऐरोलीला कामाला जाते, सकाळची वाशी लोकल पकडताना भेटते. तिला जिन्यात सांगितलं, तशी ती रविवारी २९ तारखेला सकाळी आली. मी पोह्यांची बशी पुढे केली, तिने ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काकू, आधी तारीख बघू." सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' अशी यादी असते. तिथे नावाऐवजी तारखेप्रमाणे क्रम लावता येतो. तिने तो लावला. पीडीएफ लहान करणारा प्रोग्रॅम, त्याला चिकटून कूपन शोधणारा एक आणि 'पीसी वेगवान करणारा' एक, तिन्हींसमोर एकच तारीख होती, ८ जून.

ती तारीख मी वाचली. नातू आतल्या खोलीत होता.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. असले प्रोग्रॅम पुष्कळदा आल्या आल्या तोंड दाखवत नाहीत, काही दिवस गप्प बसतात. त्यामुळे जाहिराती सुरू होतात तेव्हा जो खुर्चीवर असतो, किंवा नुकताच येऊन बसलेला असतो, त्याच्या माथी दोष जातो. सामायिक कॉम्प्युटरवर हा दोष नेहमी घरातल्या सगळ्यात लहानाच्या, नाहीतर सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला येतो. तारखेची ती यादी बघायला अर्धं मिनिट लागतं. कोणाला बोल लावायच्या आधी ती बघा, एवढं तरी आपल्या पानावर छापा.

मी तिला विचारलं, कॉम्प्युटरमध्ये विंडोजचं संरक्षण होतं, मग त्याने अडवलं कसं नाही? ती म्हणाली, कारण तुम्ही 'हो' म्हणालात. व्हायरस न विचारता घुसतो, ॲडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवून कमावणारे प्रोग्रॅम, परवानगी घेऊन येतं. फुकटच्या प्रोग्रॅमबरोबर दोन-तीन आगंतुक बांधून दिले की ते बांधणाऱ्याला दर कॉम्प्युटरमागे पैसे मिळतात. परवानगीची खूण आधीच मारून ठेवलेली असते, आणि ती काढायची सोय 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' या शब्दामागे दडवलेली असते. आपण 'रेकमेंडेड'वर बोट ठेवतो. पुढे आपलं प्रत्येक शोधणं त्यांच्या पानावरून वळवलं की जाहिरातींचे पैसे पुन्हा त्यांनाच. एवढा धंदा माझ्या नातीच्या एका दाखल्यावर झाला.

काढायला अडीच तास लागले. तिन्ही प्रोग्रॅम आधी त्या यादीतूनच काढले. मग क्रोमच्या सेटिंग्जमधल्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'नोटिफिकेशन्स' उघडलं. अकरा अनोळखी संकेतस्थळांना आमच्या घराने परवानगी दिलेली होती. कोपऱ्यातल्या बहुतेक खिडक्या तिथूनच येत होत्या. म्हणजे त्यांचा प्रोग्रॅमशी संबंधही नव्हता, परवानगी काढून घेतली की त्या जागच्या जागी थांबल्या. परवानगी दिली कोणी? यजमानांनी आठवून सांगितलं, "मी रोबोट नाही हे दाखवायला 'अलाऊ' दाबा, असं लिहिलं होतं." खरी रोबोटची तपासणी कधीही नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही. हे वाक्य मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं आहे.

नंतर एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम. दोन अनोळखी होती. एकाला 'रिमूव्ह'चं बटणच नव्हतं आणि क्रोमच्या मेन्यूत तळाशी लिहिलं होतं की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. यजमान विचारायला लागले, कुठली संस्था? कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर नियम लावता यावेत म्हणून ती सोय असते. ॲडवेअर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, तसाच खोटा नियम लिहून ठेवतं, मग घरच्या माणसाला ते काढता येत नाही. यासाठी तिने मालवेअरबाइट्सचं 'ॲडब्ल्यूक्लीनर' नावाचं साधन वापरलं. ते फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. पण ते उतरवताना तिने शोधयंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही, बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप केला. साफसफाईची साधनं शोधणाऱ्यांसाठीही त्याच जाहिरातींचे सापळे लावलेले असतात, असं ती म्हणाली.

दुसरं एक्स्टेन्शन निघालं आणि पोहे खाईपर्यंत परत आलं! इथे आमच्या मुलाचा चेहरा पडला, कारण ते त्याच्या खात्यातून येत होतं. घरच्या क्रोममध्ये त्याचं गुगल खातं चालू होतं आणि सुनेच्या लॅपटॉपवरही तेच. सिंक चालू असलं की एक्स्टेन्शन्सही खात्याबरोबर दुसऱ्या मशीनवर जातात. मग दोन्हीकडे आधी सिंक बंद केलं, दोन्हीकडून ते काढलं, क्रोमची सेटिंग्ज मूळ पदावर आणली आणि शेवटी सिंक सुरू केलं. सेटिंग्ज मूळ पदावर आणताना बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्याच भीतीने लोक ते बटण दाबत नाहीत.

एवढं होऊनही तिने डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिल्या. 'टार्गेट'च्या ओळीत क्रोमच्या नावानंतर एक परका पत्ता जोडलेला होता. म्हणजे क्रोम कितीही धुतलं तरी त्या चित्रावरून उघडलं की त्यांचंच पान समोर! तो पत्ता खोडला. 'टास्क शेड्यूलर'मध्ये दर तासाला काहीतरी चालवणारी एक नोंद सापडली, ती काढली. शेवटी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' लावला. कॉम्प्युटर बंद होऊन वेगळ्या पद्धतीने सुरू होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आधी तपासणी होते. साधारण पाव तास लागतो. तेवढ्या वेळात यजमानांनी मोबाइलवरून बँकेचा पासवर्ड बदलला. बिघडलेल्या मशीनवरून तो बदलू नका, असं तिने बजावलं होतं.

फॉरमॅट लागलं नाही. फोटो आणि ओव्या जागेवर आहेत.

ती गेल्यावर मी नातवाच्या खोलीत गेले. मी त्याला सांगितलं की ८ तारखेला मी केलं होतं, तू तेव्हा चिपळूणला होतास, आणि मी तुझ्याबद्दल वाईट बोलले ते चूक होतं. त्याने विचारलं, "बाबांना पण सांगितलंस?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर सांगते. जेवताना सांगितलं. मुलानेही त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली आणि आमटी वाढून घेतली. पण तो पूर्वीसारखा मोकळा व्हायला ऑगस्ट उजाडला.

आता घरात जे बदललं ते सांगते. कॉम्प्युटरवर ॲडमिनिस्ट्रेटर खातं एकच आहे आणि त्याचा पासवर्ड सुनेकडे आहे. बाकी प्रत्येकाचं स्वतःचं साधं, म्हणजे 'स्टँडर्ड' खातं आहे. हे करताना आधी नवं ॲडमिनिस्ट्रेटर खातं तयार करायचं आणि मग जुन्याचा प्रकार बदलायचा, नाहीतर अडकायला होतं. आता संपूर्ण कॉम्प्युटरला हात लावणारं काही बसवायचं म्हटलं की पासवर्ड मागितला जातो आणि दोन माणसांना ते पान बघावं लागतं. यातूनही काही सुटतं. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि काही लहान प्रोग्रॅम साध्या खात्यातही बसतात. पण मग घाण त्या एका खात्यापुरती राहते आणि कोणाच्या खात्यात आली तेही कळतं, दुसऱ्यावर आळ जात नाही. माझ्या दृष्टीने हा फायदा जास्त मोठा. 'विंडोज सिक्युरिटी'त 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'पोटेन्शिअली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' नावाचं बटण असतं, तेही चालू केलं. असे परवानगी घेऊन येणारे पाहुणे अडवायलाच ते आहे. यजमानांच्या खात्यात फायरफॉक्स आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवलं. आता त्यांचं सकाळचं वाचन शांतपणे होतं. नातू काही बसवायचं झालं की आईला बोलावतो आणि प्रत्येक खुणेसमोरचं वाक्य मोठ्याने वाचतो.

पण महोदय, मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे की मला त्या दिवशी काहीच डाउनलोड करायची गरज नव्हती. फोटो ५० केबीत बसवायचा असेल तर विंडोजच्या 'फोटोज'मध्ये आणि 'पेंट'मध्ये आकार लहान करायची सोय आहे. दाखला ६०० ऐवजी १५० डीपीआयवर, म्हणजे कमी बारकाव्याने, आणि काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केला असता तर पीडीएफ मुळातच हलकी झाली असती. कागदाची पीडीएफ करायला 'प्रिंट टू पीडीएफ' विंडोज १० पासून आतच आहे. मराठी टायपिंगचंही तसंच. 'मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड' म्हणत किती माणसं असल्या पानांवर जातात हे मी कार्यालयात डोळ्यांनी पाहिलं आहे. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक कितीतरी वर्षं आहे आणि २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिक कळफलकही आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो जोडला की झालं. रेमिंग्टनवर हात बसलेल्या आम्हा जुन्या माणसांची अडचण वेगळी, पण नव्या मुलांनी तरी बाहेर जाऊ नये.

दरवर्षी जून-जुलैत लाखो घरांत हाच प्रकार चालतो. अर्जाचं पान म्हणतं फाइल मोठी आहे, रात्री बारापर्यंत मुदत आहे, आणि पुढे काय करायचं ते सांगत नाही. त्या घाईतच लोक हिरवं बटण दाबतात. प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची संकेतस्थळं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की फाइल लहान करायची सोय अर्जातच द्या. फोटो चढवला की तो आपोआप योग्य मापात यावा, हे आजच्या काळात अवघड नाही. ते होईपर्यंत निदान 'बाहेरचं काही डाउनलोड करू नका, असं करा' अशा चार ओळी तरी त्या पानावर मराठीत लिहा.

कायदा नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारांवर नियमावली काढली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं खोटं भासवून पैसे काढणं किंवा बनावट सफाई प्रोग्रॅम गळ्यात मारणं, हा त्यातलाच एक प्रकार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं आहे, तिथे फुकट साधनं मिळतात. हे तीन पत्ते आमच्या सोसायटीच्या फलकावर मी टाइप करून लावले आहेत. वाचून दोन घरांतल्या बायका मला विचारायला आल्या, आणि दोघींनीही सुरुवात 'आमच्या मुलाने काहीतरी केलंय' अशीच केली.

शेवटी एक गोष्ट आपल्याकडेच मागायची आहे. पालकांच्या त्या सूचना मी आपल्या संकेतस्थळावरही उघडून पाहिल्या. लेखाच्या बरोबर मधोमध एक चौकट होती आणि तिच्यात मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण. लेखाशी त्याचा काही संबंध नव्हता, ती जाहिरात होती. अशी बटणं आपल्या प्रवेशविषयक बातम्यांखालीही दिसतात. जाहिराती बाहेरच्या यंत्रणेतून आपोआप येतात हे मला दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने समजावलं आहे, पण नको त्या प्रकारच्या जाहिराती रोखायची सोय संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे असते, हेही तिनेच सांगितलं. मी त्या पानाचं छायाचित्र पत्रासोबत जोडते आहे, वर तारीख आणि वेळ लिहिली आहे. पुढच्या जूनच्या आधी ती चौकट निघावी.

नातवाच्या वर्गातली मुलं आपला पेपर वाचतात, म्हणून माझं नाव छापू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त टंकलेखिका,
नौपाडा, ठाणे